दांडीचा वाक

इचलकरंजीत सोयरीक जुळवताना पूर्वी एकच प्रश्न महत्त्वाचा असायचा : माग किती? आता त्याला जोड आलीय : पाणी किती दिवसांनी? यजमान काहीही सांगोत, पाहुण्यांतला एखादा जाणता माणूस चहा झाल्यावर सहज म्हणून गच्चीवर चक्कर मारून येतो. वर दोन टाक्या, खाली हौद, न्हाणीत एखादं पिंप असलं की घर खातंपितं समजायचं. पंचगंगा उशाला आणि कृष्णा हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात श्रीमंती लिटरवर मोजायची वेळ यावी, हा विनोद खरं तर नदीनंच करायला हवा होता.

एवढं सगळं बघणारा तो जाणता माणूस टाकीचं झाकण मात्र उचलत नाही. उचललं असतं तर त्याला आत घरातला सर्वांत समजूतदार प्राणी भेटला असता. त्याचं नाव बॉलकॉक. एक फुगा, एक दांडी आणि बोटाच्या पेराएवढा रबरी वायसर, एवढाच त्याचा संसार. पाणी चढलं की फुगा चढतो, फुग्याबरोबर दांडी चढते आणि दांडीचं दुसरं टोक वायसर दाबून नळाचं तोंड बंद करतं. नळातल्या पाण्याचा जोर मोठा असतो, फुग्याचा बेताचाच. पण दांडी लांब असल्यामुळे बेताच्या जोरावर काम भागतं. वीज नको, बटण नको, महिन्याचा हप्ता नको. पाण्यालाच पाण्यावर पहारेकरी नेमलेलं असतं.

आमच्याकडे त्याला काम तसं कमीच. पाणी येतं काही दिवसांनी आणि राहतं घटकाभर. मधल्या काळात रिकाम्या टाकीत तो निवडणूक हरलेल्या उमेदवारासारखा मान खाली घालून लोंबकळत असतो. पाणी आलं की मात्र गल्लीत एकच धांदल उडते. मोटरी घुमायला लागतात, पाइपांच्या सापांनी रस्ता अडतो आणि थोड्या वेळानं कुठल्यातरी गच्चीवरून धार सुटते. लगेच समोरच्या खिडकीतून हाक येते, "ओ वैनी, टाकी वाहतीया बघा!" त्या वैनी आत माग लावून बसलेल्या असतात. खडखडाटात त्यांना हाक ऐकू जात नाही, मग सगळी गल्लीच ओरडते. हल्ली त्यावर बोलका अलार्म निघालाय. टाकी भरली की तो आर्जवी आवाजात मोटर बंद करायची विनंती करतो आणि कुणी उठेपर्यंत करतच राहतो. भरल्याची दवंडी पिटणारे वेगळे आणि न बोलता नळ बंद करणारे वेगळे. सभेत पहिल्यांचा सत्कार होतो.

हा फुगा काही कालपरवाचा नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात क्तेसिबियोस नावाचा एक कारागीर होता. तो न्हाव्याचा मुलगा. आपल्याकडे लग्नघटिका मोजायला घंगाळात भोक पाडलेली वाटी सोडत आणि ती बुडायची वाट बघत. या गृहस्थानं पाण्याच्या घड्याळात तरंगता गोळा बसवला. घड्याळ बरोबर चालायचं तर धार सारखी पडायला हवी, धार सारखी पडायची तर वरच्या भांड्यातली पातळी हलता कामा नये, आणि ती सांभाळायचं काम गोळ्याकडे. स्वतःचं काम स्वतःच तपासून दुरुस्त करणाऱ्या यंत्रांचा वंश इथून मोजतात. पुढे 1758 साली इंग्लंडात जेम्स ब्रिंडलीनं आणि 1765 साली पार सैबेरियात इव्हान पोल्झुनोव्हनं तोच गोळा वाफेच्या बॉयलरमध्ये सोडला, कारण बॉयलरमधलं पाणी आटलं तर घात ठरलेला.

इथं इचलकरंजीकरानं कान टवकारावेत. आपल्या सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ चढते आणि ते वाफेनं तापलेल्या सिलिंडरवर वाळतं. ती वाफ जिथून येते त्या बॉयलरवर पातळी सांभाळणारा फ्लोट असतो. बॉयलरवाले त्याला 'मोब्रे' म्हणतात. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, त्यावर आपण भाषणं करतो. फुग्यावर कुणी करत नाही.

गाडीतही तोच. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर एक छोटा फ्लोट तरंगायचा. पेट्रोल पुरेसं झालं की तो सुई वर ढकलून वाट बंद करायचा. सूतगुंड्यांची पोती लादलेली एम-एटी स्टँडवर उभी असताना खाली पेट्रोलचा थेंब पडायला लागला, की मेकॅनिक गाडी न खोलता पान्याच्या दांड्यानं कार्बोरेटरवर दोन ठोके घालायचा. सुईच्या बुडाशी बसलेला कचरा हलायचा आणि ओव्हरफ्लो थांबायचा. पैसे ठोक्यांचे नव्हते, ठोका कुठं घालायचा याचे होते. 2020 पासून बहुतेक नव्या दुचाकींत पेट्रोल इंजेक्शननं जायला लागलं, तशी ती विद्या मागं पडली.

आणि या घराण्यातले थोरले पाहायचे तर राधानगरीला जावं. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव ठरल्या पातळीला भरला की ते आपसूक उघडतात, पाणी उतरलं की आपसूक मिटतात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी 1903 साली खडकवासल्याला असेच आपोआप चालणारे दरवाजे बसवले होते. गोळा नळ बंद करतो, हे दरवाजे वाट मोकळी करतात; पण दोन्हीकडे हुकूम पाण्याच्या पातळीचाच. पावसाळ्यात "सहा नंबरचा दरवाजा उघडला" ही बातमी आमच्याकडे पाळणा हलल्याच्या बातमीसारखी पसरते. एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत, तिथून पंचगंगेत आणि पंचगंगेतून आमच्या पुलाखाली. ज्या गावाला प्यायला घागर मिळत नाही, ते गाव मग नदीवर पाणी बघायला जातं.

पण राधानगरीच्या दरवाजांची पातळी ठरलेली आहे, ती कुणाला रातोरात बदलता येत नाही. घरच्या फुग्याचं तसं नाही. टाकी किती भरली म्हणजे भरली, हे फुगा ठरवत नाही. दांडीचा वाक ठरवतो, आणि वाक देणारा हात माणसाचा असतो. आमच्या शेजाऱ्यांकडे टाकी वाहत होती म्हणून प्लंबर आला. त्यानं फुगा काढून कानाशी हलवला. आत पाणी शिरलं असेल तर खळखळ वाजतं आणि असला फुगा तरंगायच्या ऐवजी बुडतो. तो कोरडा निघाला. वायसर नखानं दाबून पाहिला, नरम होता. मग त्यानं दांडीकडे पाहिलं. ती कमानीसारखी वर ओढलेली. चार दिवसांनी येणारं पाणी दोन बोटं तरी जास्त मिळावं म्हणून शेजाऱ्यांनी दर खेपेला थोडी थोडी वाकवली होती. प्लंबरनं ती गुडघ्यावर घेऊन सरळ केली आणि म्हणाला, "काका, फुगा ओव्हरफ्लोच्या भोकाच्या वर नेऊन ठेवलाय तुमी. आता टाकी कदीच भरायची न्हाई, नुसती वाहत ऱ्हायाची."

प्लंबर पैसे घेऊन गेला. वाक्य इथंच राहिलं. गावात हिंडताना ते जागोजागी लागू पडतं. कांडीतलं सूत संपलं की माग आपसूक थांबतो, मालक थांबत नाही. चाराचे आठ माग होतात, आठाचे सोळा, मग ऑटोलूम, मग त्यावरचं कर्ज, आणि सोळा मागांचा धनी चार मागांच्या धन्याइतक्याच तळमळीनं सांगतो, "अजून काय बसलेलं नाही बघा." पाण्याचंही तेच. पंचगंगा नासली म्हणून आम्ही मजरेवाडीहून कृष्णेचं आणलं. त्या जलवाहिनीच्या गळतीच्या बातम्या वाचून झाल्यावर वारणेकडे पाहिलं, तर दानोळी विरोधाला उभी राहिली. दूधगंगेकडे सुळकूडला वळलो, तर कागल तालुका उभा राहिला. आम्हाला आमची तहान खरी वाटते, त्यांना त्यांची शेती. दोघांचंही खोटं नाही. फक्त ज्याच्या त्याच्या दांडीला ज्यानं त्यानं वाक दिलेला आहे, आणि दुसऱ्याची दांडी आपल्याला नेहमीच जास्त वर गेलेली दिसते.

टाकीचं बरं असतं. ओव्हरफ्लोचं भोक तिला जन्मतःच पाडून मिळतं, धार कुठून सुटणार ते आधीच ठाऊक असतं. माणसाच्या अंगावर तसं भोक दिसत नाही. त्यामुळे आपलं कुठून वाहतंय हे त्याचं त्याला कळत नाही. शेजाऱ्यांना मात्र नेमकं माहीत असतं. पहिलं पाणी त्यांच्याच भिंतीत मुरतं ना!