ट्राउट विकत मिळत नाही

न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकत मिळत नाही. परवडत नाही म्हणून नव्हे, विकायला कायद्यानेच बंदी आहे. ज्याने धरला त्याने खावा, फार तर कुणाला फुकट द्यावा. सासूबाई रत्नागिरीहून आल्या तेव्हा हे त्यांच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. "जावईबापू, दारूबंदी ऐकली होती, मासेबंदी नवीनच." मिरकरवाड्यात मासेवालीशी घासाघीस करण्यात हयात गेलेल्या बाईंना भावच नसलेला मासा पटेना.

आम्ही राहतो हॅमिल्टनला. तिथून दीड-दोन तासांवर टाउपो, ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं ६१६ चौरस किलोमीटरचं तळं. ट्राउट मूळचा इथला नाहीच, एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी बाहेरून आणून सोडला. त्याने तळ्यातली चिल्लर मासळी फस्त केली आणि मग उपासमारीने रोडावला. तेव्हा १९३०च्या दशकात खास त्याच्या पोटासाठी स्मेल्ट नावाची छोटी मासळी आणावी लागली. म्हणजे आधी पाहुणा, मग पाहुण्याच्या जेवणाची सोय. सासूबाईंसमोर हा इतिहास मी सांगत नाही.

आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, कोळ्याला उसंत मिळते. हे तळं मात्र बारा महिने खुलं. त्यामुळे रिकाम्या हाताने परतणाऱ्याला दर ऋतूत नवी सबब लागते, आणि सुदैवाने प्रत्येक ऋतू ती पुरवतो.

दिवाळीला इकडे वसंत असतो. स्मेल्ट अंडी घालायला काठाशी येते आणि तिच्यामागे ट्राउट गुडघाभर पाण्यात फिरतो, अगदी डोळ्यांदेखत. पोट भरलेलं, तो माझ्या पिसांच्या बनावट स्मेल्टकडे कशाला बघेल? उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मासा थंडाव्याला खोल जातो. तिथवर पोचायला बोट हवी, ती नाही. फेब्रुवारीत सिकाडा किडे पाण्यात पडतात, त्यांच्यावर तो वेड्यासारखा उसळतो. पण किडे पडायला वारा हवा, आणि तो मी परतल्यावर सुटतो. शरदात नदीच्या मुखाशी अंधार पडताना गळ टाकायचा. तिथे गळाला लावायच्या एका बनावट माशीचं नाव 'मिसेस सिम्पसन'. "आज संध्याकाळी मिसेस सिम्पसन घेऊन जातोय," असं मी घरात एकदा मोठ्याने म्हणालो. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

खरी परीक्षा हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट. अंडी घालायला इंद्रधनुषी ट्राउट नद्यांत शिरतो. वाइताहानुई नदी तळ्याला मिळते तिथे माणसं पाण्यात खांद्याला खांदा लावून उभी राहतात. त्या रांगेला 'कुंपण'च म्हणतात. छातीपर्यंत रबरी विजार, तरी गारठा हाडांत शिरतो. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, दोर अडकतो. मग कडी पाण्यात बुडवायची, बर्फ सुटेपर्यंत हलवायची, आणि तेवढ्यात शेजाऱ्याच्या गळाला मासा लागायचा. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच गळ टाकायला मनाई आहे. हा नियम कुणा गळ टाकणाऱ्याच्या बायकोने करून घेतला असावा.

त्याच कुंपणातल्या एका म्हाताऱ्याने यंदा माझी दया येऊन एक मासा दिला. चंदेरी अंग, पोटात गाजरासारखं केशरी मांस. सासूबाईंनी आगळ, हळद, तिखट लावलं, तांदळाच्या पिठात घोळवून तळला. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "गोड्या पाण्याचा. बांगड्याची सर नाही." आणि दुसरा तुकडा वाढून घेतला.

तुम्ही कधी इकडे आलात तर टाउपोचं लायसन्स वेगळं काढा, बाकी देशाचं तिथे चालत नाही. घरचा मसाला आणि वापरलेला गळ, दोन्ही विमानतळावर न विसरता जाहीर करा. आणि मासा धरलात तर आमचं घर वाटेवरच आहे.