आज कोणता दिन?

शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच २१ जूनचा योग दिन येतो, आणि तिथून जी रांग लागते ती मराठी भाषा गौरव दिन उलटला तरी संपत नाही. मध्ये शिक्षक दिन, बालदिन, दिव्यांग दिन, बालिका दिन. १५ ऑक्टोबरला तर वाचन प्रेरणा दिन आणि जागतिक हात धुवा दिन एकाच तारखेला येतात. मग पुस्तक आधी की साबण आधी, हा पेच. शहाण्या बाई आधी हात धुऊन घेतात.

दिन साजरा झाल्याचा पुरावा म्हणजे फोटो. त्यात पहिल्यांदा बॅनर दिसला पाहिजे, मग पाहुणे, मग हार, आणि जागा उरलीच तर मुलं. फोटो केंद्राच्या ग्रुपवर पडला, लिंक भरली, की दिन मावळला. घड्याळात भले साडेअकरा वाजलेले असोत.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन नेमका सत्र परीक्षेच्या तोंडावर येतो. एका शाळेत त्या दिवशी ‘ताणतणावाला दूर ठेवू या’ या विषयावर निबंध स्पर्धा ठेवली होती. वेळ अर्धा तास. अशुद्ध लेखनाचे गुण कापले जातील, ही सूचना फळ्यावर रंगीत खडूनं. आनंदी कसं राहावं हे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकू नये म्हणून एक मुलगी नखं खात बसली होती. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

या गर्दीत मला जवळचा वाटतो तो ७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस. १९०० साली या तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. रजिस्टरात क्रमांक १९१४. राज्य सरकारनं २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. एखाद्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सापडला तर बिचारा हुकतोही. नाव दाखल झालं खरं, पण शाळेत आपण वेगळे कसे बसायचो हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलंय. बसायचं गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपाई हजर हवा. शिपाई नाही, तर पाणी नाही. पटावर असलेलं मूल वर्गात असेलच असं नाही, हे सांगायला ते गोणपाट पुरेसं आहे. आपल्या भाषणांत मात्र रजिस्टर हमखास येतं, गोणपाट क्वचित.

दिवाळी झाली की आमच्या शाळेत कोप्यांवरची पोरं येतात. आईबाप ऊसतोडीला आलेले, मुक्काम कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. पटावर त्यांची नोंद आम्ही तत्परतेनं करतो. वर्गात ती दाराजवळ बसतात आणि खिचडी आपापसातच खातात. कुणी हाकलत नाही; कुणी बोलावतही नाही. त्यातला सहावीतला एक तर हजेरीपुरतं तोंड उघडायचा.

२ जानेवारीची दुपार. दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. आमच्या पताका पाहुणे यायच्या आत खाली येतात अशी शाळेची परंपरा आहे. सुतळी दोनदा सुटल्यावर हे पोरगं आपणहून उठलं, खिडकीच्या गजावर चढलं आणि उसाच्या वाढ्यांची मोळी आवळतात तसा पीळ देऊन त्यानं गाठ मारली. खालून दोघांनी ओढून पाहिली. गाठ हलेना. “ए, परत दाखव की!” मग मुलींनी दाखवून घेतली, मग सातवीच्या पोरांनी. तासाभरात शाळेतल्या यच्चयावत वस्तूंना गाठी बसल्या, घंटेलासुद्धा. खिचडीच्या वेळी ते कुठे बसलंय हे मी पाहायला गेलो, तर गर्दीत सापडलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी ‘वंचितांना जवळ घ्या’ यावर पाऊण तास भाषण केलं. ते काम आदल्या दुपारी उरकलं होतं. पताका काढायला मात्र कोयता मागवायची वेळ आली.

म्हणून दिन नकोत, असं मी म्हणणार नाही. दिन नसता तर ती सुतळी कपाटातून निघाली नसती. दिनाचं मोल तयारीत असतं आणि तयारी आपण नेमकी त्याच चार हुशार पोरांना वाटतो. सूत्रसंचालन तिचं, भाषण त्याचं, फलकलेखन तिसरीचं, आणि बाकीची साठ पोरं टाळ्यांना. टाळ्याही ‘एक साथ’ वाजवायच्या असतात.

३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, तर फारच घोळ होतो. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला व्यासपीठावर नेऊन गुलाब देतात. मित्र खाली सतरंजीवर एकमेकांना कोपरानं ढोसत बसलेले, आणि हा वर, पाहुण्यांच्या शेजारी, गंभीर. त्याला तिथे उचलून न्यावं लागलेलं असतं, कारण दिव्यांग मुलांसाठी बांधलेल्या उतारावर मास्तरांच्या मोटारसायकली उभ्या असतात. सावली असते ना तिथे.

तेव्हा समस्त मुख्याध्यापकांना विनंती: येत्या ३ डिसेंबरला गुलाब नाही आणला तरी चालेल. त्या गाड्या तेवढ्या २ तारखेला हलवा, आणि ४ तारखेला परत तिथे लावू नका.