एका वॅटची लाज

घरात बसून गाणं ऐकायला ॲम्प्लिफायर किती वॅटचा हवा? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र इतकं अपमानास्पद की विकणारा ते सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. उत्तर आहे, एक. आणि बहुतेक वेळा तोही पुरता खर्च होत नाही.

पटत नसेल तर स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ची ओळ शोधावी. शक्यतो कोणी वाचू नये अशा अक्षरांत ती छापलेली असते. तिथे ८७ डेसिबल किंवा त्याच्या आसपासचा आकडा सापडेल. एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल, असा त्याचा अर्थ. आता २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम बघा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ज्याला आपण ‘एवढासा’ म्हणून हिणवतो, तो वॅट खिडकी उघडी राहिली तर शेजाऱ्याला रात्री बेल वाजवायला लावेल. दोन स्पीकर लावून रोजचं ऐकणं एक दशांश वॅटमध्ये भागतं. तबल्याची थाप किंवा अचानक उसळणारा ऑर्केस्ट्रा यांना क्षणभर त्याच्या शंभरपट लागतात असं धरलं, तरी झाले दहा. मन मोठं करून वीस म्हणा, तीस म्हणा. हिशेब संपला.

आपल्याकडे हिशेब संपला की खरेदी सुरू होते.

नव्वदच्या दशकात आपण पीएमपीओ नावाच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या, आकड्यावर जीव टाकला. म्युझिक सिस्टिमच्या खोक्यावर हजारो वॅट छापलेले असायचे. भिंतीतल्या पाच अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला साडेअकराशेच्या वर वॅट निघत नाहीत. तरी त्याच सॉकेटला पिन खुपसून ते खोकं तीन-तीन हजार वॅटची भाषा करायचं. ऊर्जा निर्माण करता येत नाही हे शाळेत घोकलेल्या पिढीने ते हप्त्यावर घेतलं आणि वर ‘बेस बघ काय आहे!’ असं पाहुण्यांना ऐकवलं. आत काय असायचं? गल्लीतल्या असेंबल्ड सेटात तर बहुधा ४४४० नंबरची आयसी, दर चॅनेलला जेमतेम सहा वॅट देणारी. लग्नं, बारशी, गणपती, सगळं तिने निभावलं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच नियम करून कंपन्यांना सलग निघणारी खरी ताकद छापायला लावली होती. आपल्याला तेवढी घाई नव्हती.

आता आपण शहाणे झालो. आता आपण ‘आरएमएस किती?’ असं, म्हणजे सलग ताकद किती असं विचारतो. मग शेजाऱ्याने शंभर वॅटचा घेतला की आपण एकशेवीसचा घेतो. फरक पडतो एका डेसिबलपेक्षाही कमी, कानाला कळेल न कळेल इतका. वॅट दुप्पट केले तर तीन डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट मोठा वाटायचा असेल तर ताकद दहापट लागते, म्हणजे शंभराचे हजार. कान लॉगॅरिदमने ऐकतो, पण इज्जत साध्या बेरजेने मोजतात. त्यामुळे एकशेवीसवाला शंभरवाल्याकडे चहाला गेला की थोडा मागे रेलून बसतो.

वॅटच्या पलीकडे पोचलेल्यांचे पंथ आहेत. सगळ्यात जहाल व्हॉल्व्हवाले, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर ॲम्प चालवणारे. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३०च्या दशकात काढलेली ‘३००बी’ ही नळी त्यांचं आराध्य. एका नळीवर ॲम्प बांधला तर आठेक वॅट निघतात. गंमत अशी की आमच्या वरच्या हिशेबाशी तंतोतंत जुळणारे हेच लोक, आणि त्या आठ वॅटना मोटारसायकलची किंमत मोजणारेही हेच. त्यांच्या मते व्हॉल्व्हच्या आवाजात ऊब असते. असेलच. हात जवळ नेला तर चटकाही बसतो.

ऊब ट्रान्झिस्टरमध्ये हवी असणाऱ्यांसाठी क्लास ए आहे. यात गाणं चालू असो की दोन गाण्यांमधली शांतता, वीज तेवढीच जळते, आणि निम्म्याहून जास्त वीज स्पीकरपर्यंत पोचू शकत नाही हे खुद्द सिद्धांतच सांगतो. उरलेली दिवाणखाना तापवते. मुंबईच्या मे महिन्यात मग एसी लावावा लागतो. एसीची घरघर तानपुऱ्यावर चढते. ती झाकायला आवाज वाढवावा लागतो, म्हणजे पुन्हा जास्त वॅटचा ॲम्प आला. अशी ही गुंतवणूक आपली आपण वाढत जाते.

सगळ्यात पोरका क्लास डी. वीज वाचवतो, तापत नाही, पैसे कमी, तळहातावर मावणाऱ्या डबीतून आपल्याला जन्मभर लागणार नाहीत एवढे वॅट काढतो. दोष एकच, वजन नाही. आपल्याकडे ॲम्प घेणारा माणूस तो ऐकण्याआधी उचलून बघतो, कलिंगडवाल्याच्या गाडीवर बघावं तसा. चौदा किलो भरला तर आवाजात ‘बॉडी’ आहे हे तिथेच ठरतं. पाव किलोच्या डबीत कोणाला बॉडी ऐकू येणार?

मेहुण्यांबरोबर लॅमिंग्टन रोडला जाण्याचा योग आला तेव्हा हे शास्त्र जवळून पाहता आलं. मेहुण्यांनी पेनड्राइव्हवर किशोरीताई आमोणकरांचा भूप नेला होता. विक्रेत्याने तो हातात घेतला, आदराने बाजूला ठेवला आणि म्हणाला, “ते नंतर ऐकू, साहेब. आधी हे ऐका.” आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सुरू झालं, ईगल्सने १९९४ साली मंचावर वाजवलेलं, सुरुवातीला ढोलाचे ते खोल ठोके असलेलं. ॲम्पच्या कुठल्याही दुकानात शिरा, हेच वाजतं. भूप ऐकणाऱ्या माणसाने कुठला ॲम्प घ्यावा हे या ठोक्यांवरून ठरतं.

पहिला ॲम्प ऐकून झाला. दुसरा तिप्पट किमतीचा. बदलताना विक्रेत्याचा अंगठा रिमोटवर हलला आणि समोरच्या पट्टीवरचा उणे ३८ उणे ३६ झाला. दोनच डेसिबल. आवाज किंचित मोठा झाला की माणसाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानदारीतलं हे फार जुनं ज्ञान. मेहुण्यांनी डोळे मिटले.

“भावजी, यात हवा आहे.”

“कुठली हवा?”

“दोन वाद्यांमधली.”

“साहेबांचा कान तयार आहे,” विक्रेता म्हणाला आणि बिलबुक ओढलं. भूप बाजूलाच राहिला.

हा अंगठा बांधून ठेवला तर काय होतं, तेही लोकांनी पाहून ठेवलंय. १९८७ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने दोन-अडीचशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंतचे ॲम्प आवाज नेमका सारखा करून, कुठला वाजतोय हे न सांगता ऐकवले. ऐकणाऱ्यांत पट्टीचे शौकीन होते. त्यांना ते ओळखता आले नाहीत. त्याआधी १९८५ साली बॉब कार्व्हर या इंजिनिअरने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांचं आव्हान घेतलं, हॉटेलच्या खोलीत बसून आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये फेरफार केले आणि तो त्यांच्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पसारखा वाजवून दाखवला. संपादकांना फरक सांगता आला नाही. यातून जगाने जो बोध घ्यायचा तो घेतला. डोळे झाकून ऐकण्याची चाचणी मुळातच सदोष असते, असं ठरलं. किंमत दिसल्याशिवाय कान उघडत नाहीत!

घरी आणल्यावर पहिल्या रात्री ॲम्प दुकानातल्यासारखा वाजला नाही, तर फोन करावा. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “अजून खुलला नाही. दोनशे तास वाजू द्या.” नोकरदार माणसाला रोज अर्धा तास मिळतो, तोही बातम्या आणि कुकरच्या शिट्ट्या वजा जाता. दोनशे तासांना चारशे दिवस लागतात. वॉरंटी एक वर्षाची. वॉरंटी संपल्यावर साधारण महिनाभराने ॲम्प खुलतो, आणि तोवर कानाला त्याची सवय होऊन मेहुणेही खुललेले असतात.

तरीही नाहीच खुलला तर वायर बदलावी. वीज धरणावरून किंवा कोळशाच्या केंद्रातून शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांतून, ट्रान्सफॉर्मरच्या भुंग्यातून, बिल्डरने बसवलेल्या सगळ्यात स्वस्त वायरीतून आपल्या भिंतीपर्यंत येते. तिथून ॲम्पपर्यंतचा शेवटचा एक मीटर चांदीचा असला की ती शुद्ध होते. गंगेच्या पाण्यालाही अशी सोय नाही.

माहितीपत्रकात आणखी एक अभिमानाची ओळ असते. हा ॲम्प एक लाख हर्ट्झपर्यंत वाजतो. माणसाचा कान तारुण्यात वीस हजारांपर्यंत जातो आणि पन्नाशीच्या पुढे बाराएक हजारांवर पेन्शनीत निघतो. असा ॲम्प परवडतो तोही पन्नाशीच्या पुढेच. वरचे अठ्ठ्याऐंशी हजार हर्ट्झ वटवाघळांच्या सेवेला. त्यातून आम्ही लावणार काय, तर १९२५ पूर्वी भोंग्यापुढे उभं राहून गायलेली तबकडी, जिच्यात पाचेक हजारांच्या वर फारसं काही उतरलेलंच नाही.

आणि जिथे खरोखर फरक पडतो तिकडे कोणी बघत नाही. आजच्या बऱ्या ॲम्पमधली विकृती शेकड्याला ०.०१ च्या घरात असते. स्पीकर खालच्या सुरांत शेकड्याला एकाच्या वर सहज जातो. खोली तर एखादा सूर दहा डेसिबलने फुगवते आणि त्याच्या शेजारचा गिळून टाकते. गुळगुळीत टाइल्स, काचेची टीपॉय, उघडी भिंत. एक स्पीकर सोफ्यामागे, कारण तिथे प्लग आहे. दुसरा कपाटावर, कारण खाली फिश टँक आहे. या दोघांच्या मध्ये पाऊण लाखाचा ॲम्प बसलेला असतो आणि मालक ‘मिड्स थोडे कोरडे वाटतात’ म्हणून तो बदलायच्या विचारात असतो. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट यांनी जे होतं ते कुठल्याही क्लासच्या ॲम्पने होत नाही. पण सतरंजीला आरएमएस नसतो.

बटणांचंही तसंच. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं. त्यासाठीच ‘लाउडनेस’चं बटण आणि बेसचा खटका आला. रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्याला नेमकं हेच लागतं. म्हणून पंथाच्या लोकांनी ते काढून टाकलं. ॲम्प जितका महाग तितकी बटणं कमी. अगदी वरच्या श्रेणीत एकच गोल चकती उरते, आणि तिला हात लावायची घरात एकालाच परवानगी असते.

कोणाला खरंच ॲम्पच घ्यायचा असेल तर गोष्ट पाच मिनिटांची आहे. तीस ते पन्नास वॅटचा, आपल्या शहरात दुरुस्ती होते अशा कंपनीचा. स्पीकर चार ओमचे असतील तर ते त्याला झेपतात का एवढं विचारावं. तबकड्या ऐकायच्या असतील तर फोनोचं तोंड असावं. १९७८ साली आलेला ‘नॅड ३०२०’ वीस वॅटचा होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही लोक तो शोधून दुरुस्त करून वापरतात. उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत.

पण हा सल्ला कोणी घेणार नाही, कारण त्यात पुढची पायरी नाही. आता हेच बघा. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव भरतो, १९५३ पासून. तिथे हजारो माणसं मंडपात, भज्यांच्या वासात आणि कोणाच्या तरी खोकल्यात लाउडस्पीकरवरून गाणं ऐकतात आणि डोळे पुसतात. ॲम्प क्लास एचा की डीचा, हे आजवर एकानेही विचारलेलं ऐकिवात नाही. चौकशी होते ती खुर्चीची. भारतीय बैठकीचं तिकीट काढलेला पुढच्या वर्षी खुर्चीचं काढतो, त्यापुढच्या वर्षी आणखी पुढची रांग बघतो, आणि तिथे पोचला की मध्यंतरात शेजाऱ्याला सांगतो, “आवाज मागे जास्त चांगला येत होता.”