सूरचे इंजिनकाका

ओमानमधल्या सूरला नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न येतात. कुठल्या प्लांटला? मूळचे कुठले? हे दोन कोणीही विचारतं. तिसरा इंजिनकाकांचा असतो : "परत कधी निघताय? आणि विमानात किती किलो नेऊ देतात?" समोरच्याच्या बॅगा अजून उघडलेल्या नसतात, पोरांची शाळा ठरायची असते. तो भांबावून म्हणतो, "तीस किलो." काका तिथल्या तिथे वजाबाकी करतात. "लोणची-मसाले दहा धरू. कपडे इथे मिळतात. म्हणजे वीस रिकामे." त्या क्षणी तो माणूस काकांच्या वहीत चढतो, आणि वहीत चढलेला माणूस सूर सोडेपर्यंत उतरत नाही.

त्या वहीत माणसांची नावं नसतात, सामानाची असतात. "पितळी सळी पाऊण इंच – डिसेंबर, मेव्हणीचं लग्न." "गनमेटल – गणपती." आमच्यातल्या एकाच्या वडिलांच्या मोतीबिंदूची तारीख काकांना मुलाच्या आधी पाठ होती, कारण त्या फेरीत नागदेवी स्ट्रीटवरून टॅप आणि डाय यायचे होते. पितळ आणि तांबं गुलालवाडीतून येतं, ओतकाम कोल्हापूरहून. चार चाकांची बिडाची ओतीवं कोणाच्या तरी सासूबाईंच्या बॅगेतून आली. विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यावर चार काळे गोल दिसले आणि बाईंना बाजूला घेण्यात आलं.

"हे काय आहे?"

"इंजिनाची चाकं."

"कुठल्या इंजिनाची?"

"ते अजून व्हायचंय," बाई म्हणाल्या, आणि यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

तर काका घरात वाफेचं इंजिन बांधतायत. खेळणं म्हटलेलं त्यांना चालत नाही. खरा तांब्याचा बॉयलर, खरा विस्तव, खरी वाफ, आणि मागे फळीवर बसलेल्या माणसाला ओढून नेण्याइतकी ताकद. दोन रुळांतलं अंतर साडेतीन इंच. हा छंद मूळचा विलायतेतला. 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक तिथे १८९८ साली सुरू झालं. एवढ्याशा कोळशाच्या बॉयलरवर जिवंत माणसं ओढता येतील का, यावर १९२०च्या दशकात मोठं भांडण पेटलं, आणि 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थाने माणसं ओढून दाखवून ते मिटवलं. त्याच्या इंजिनाचं नाव 'आयेशा'. हे नाव काकांनी घरात पहिल्यांदा कुठल्या संदर्भात घेतलं आणि त्यावर काकूंनी काय विचारलं, तो भाग सोडून देऊ. त्याच गृहस्थाने नवशिक्यांसाठी आखलेलं 'टिच' हे चार चाकांचं चिमुकलं इंजिन काकांनी हातात घेतलं आहे.

तेही केवळ सरावासाठी. काका मूळचे नेरळचे. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळ-माथेरान लाइन बांधली, दोन फुटी रुळांवर, वीस फुटांना एक फूट अशा चढाची. तिच्या वाफेच्या इंजिनांच्या मागे हाफपँटमध्ये धावत काका मोठे झाले. त्यांना बांधायचंय ते हे जर्मन बनावटीचं माथेरानचं इंजिन. पण घाटातली अवघड वळणं घेता यावीत म्हणून त्याच्या पुढच्या-मागच्या चाकांचे आस पोकळ केलेले आहेत आणि ते आत गोळ्यावर फिरतात. ही करामत घरच्या लेथवर जमेना, म्हणून आधी टिच. सराव सुरू झाला तेव्हा काकांची मुलगी तिसरीत होती. ती आता पुण्यात आर्किटेक्ट आहे. तिच्याकडे गेले की काका कर्वे रोडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात एक चक्कर टाकतातच. चपला बाहेर काढाव्यात अशा भक्तिभावाने आत जातात, तासाभराने बाहेर येतात आणि सुस्कारा सोडून म्हणतात, "फार सुंदर. पण विजेवर."

असा माणूस सूरला येऊन पडावा, हा योगच म्हणायचा. हे गाव मस्कतपासून किनाऱ्याकिनाऱ्याने दोनशे किलोमीटरवर. शतकानुशतकं जहाजं बांधणारं आणि ती झांजीबारपासून मुंबईपर्यंत हाकणारं. २००० साली शेजारच्या कल्हातला नैसर्गिक वायूचा प्रकल्प सुरू झाला, २००५ साली ओमान-भारत भागीदारीतला युरियाचा कारखाना आला, आणि त्यांच्यापाठोपाठ आमच्यासारखी मंडळी. रेल्वेचा मात्र संबंध नाही. सबंध देशात प्रवासी गाडी अजून धावलेली नाही. सुहारहून अबुधाबीला रूळ टाकायचं काम निघालंय, पण सुहार पार दुसऱ्या टोकाला. अल हूताच्या गुहेत पर्यटकांसाठी एक छोटी गाडी बसवली होती, तिचा विषय काढला की काका चहाचा कप खाली ठेवतात. "वाफ आहे का?" नाही. "मग?"

कामावर काकांच्या आसपास जी वाफ खेळते तिचा दाब शंभर किलोच्या पुढे. तिच्यासमोर उभे राहून ते जांभई देऊ शकतात. घरच्या इंजिनाचा दाब ऐंशी पौंड, म्हणजे जेमतेम साडेपाच किलो, आणि त्याच्या नुसत्या विचाराने त्यांना रात्री दीडला जाग येते.

घरचा कारखाना मोलकरणीच्या खोलीत. काकूंनी मोलकरीण ठेवायची नाही असं ठरवलं, की खोली आधीच गेल्यामुळे ठेवता आली नाही, यावर दोघांची मतं वेगळी आहेत. आत मायफर्ड एमएल-सेव्हन लेथ, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून घेतलेला. त्याच्या चकत्या इंचांत, त्यामुळे या घरात मोजमाप सूत आणि थाऊमध्ये चालतं. हजारांश इंचाला थाऊ म्हणतात. पिस्टन दोन थाऊने सैल झाला म्हणून काकांनी टाकून दिलेला आम्ही पाहिला आहे. तोच माणूस लग्नाच्या वाढदिवसाच्या बाबतीत चार-पाच दिवसांचा टॉलरन्स धरतो.

दारात काकू लोहचुंबक घेऊन उभ्या असतात. लेथवरून उठलेल्या माणसाने तळवे, कोपर आणि मोजे दाखवल्याशिवाय बाहेर यायचं नाही, कारण पोलादाचा बारीक कीस गालिच्यात शिरला की तो फक्त पायालाच सापडतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला बराच काळ गेला. दरम्यान काकांनी पितळेची सगळी कामं उरकून घेतली होती.

बॉयलर हे मात्र खरं प्रकरण. तांब्याची नळी हातात आली त्या दिवशी काकांनी आम्हाला बोलावून भाषण दिलं. ओमानचं तांबं चार हजार वर्षांपूर्वी सुमेरला जायचं, मगन म्हणत तो हाच मुलूख. इथून जवळ रास अल जिंझला, जिथे लोक कासवं बघायला जातात, उत्खननात सिंधू लिपीतली अक्षरं कोरलेलं खापर निघालंय. "म्हणजे आपलं येणं-जाणं तेव्हापासूनचं!" काका म्हणाले. कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, की त्या काळी बोटीत किती किलो न्यायला परवानगी होती.

तांब्याला जोड द्यायचा तो चांदीच्या डागाने. साधं कथील वाफेच्या उष्णतेपुढे टिकत नाही. चांदीची झाळ वितळते सव्वासहाशे अंशांच्या वर, आणि तांबं उष्णता अशी पळवतं की एका टोकाला ज्योत लावावी तर दुसरं टोक तापतं. सनाइयातल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, सियालकोटच्या उस्तादांना त्यांच्या मोठ्या टॉर्चसकट आणलं गेलं. झाळेत निम्म्याहून जास्त चांदी असते ही माहिती काकूंना उस्तादांकडून कळली. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवाळीपासून निरांजनं, अत्तरदाणी आणि तबक मोजून बाहेर येतात, मोजून आत जातात.

डाग देऊन झाल्यावर पाण्याची परीक्षा. बॉयलर पाण्याने गच्च भरायचा, हातपंपाने दुप्पट, म्हणजे एकशेसाठ पौंड दाब द्यायचा आणि काटा बघत बसायचं. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर स्फोट होत नाही, नुसती पिचकारी उडते. हे काका लहान मुलांना शास्त्र म्हणून सांगतात आणि स्वतः कपाटामागे उभे राहतात. पहिल्यांदा काटा उतरला. दुसऱ्यांदा उतरला. तिसऱ्यांदा स्थिर राहिला, तेव्हा काकांना काट्याचाच संशय आला.

सूरच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यामुळे बॉयलरसाठी एसीचं टपकणारं पाणी जमवलं जातं, गाळलं जातं आणि बाटल्यांवर तारखा घातल्या जातात. उन्हाळ्याची तक्रार करणारे काका या गावात एकटेच नाहीत, पण उन्हाळ्यात नफा पाहणारे एकटे असतील. २०१८च्या जूनमध्ये मस्कतच्या वाटेवरच्या कुरियातला रात्रीसुद्धा पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नाही, साऱ्या जगात बातमी झाली. काका म्हणाले, "म्हणजे उकळायला उरले सत्तावन्न पूर्णांक चार."

शेजारी एक म्हातारे नाखुदा राहतात. तरुणपणी शिडाच्या जहाजांवरून मुंबईला येऊन गेलेले, हिंदी अजून शाबूत. १९५१ साली याच गावात बांधलेली 'फतह अल खैर' आज खाडीच्या काठावर मांडून ठेवली आहे. तसली जहाजं मिस्त्री कागदावर एक रेघ न ओढता, नजरेने बांधत. काकांच्या टेबलावर दोन वितींच्या इंजिनाचे नकाशे अख्खी भिंत भरतील एवढे. नाखुदांनी ते एकेक उलटून पाहिले.

"माल कितना उठाएगा?"

"एक आदमी. हम."

"किधर जाएगा?"

"वीस फूट. उधर दीवार तक."

नाखुदांनी भिंतीकडे पाहिलं. "फिर?"

"फिर वापस."

ते बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले. काकांना वाटलं, पटलं नाही. पण त्या दिवसापासून नाखुदा रोज असरच्या नमाजानंतर येऊन बसायला लागले, आणि काकू म्हणतात की चहाला आता दोघांचं आधण नाही, तिघांचं टाकावं लागतं.

नावाचाही घोळ झाला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. काकांना 'सुलतान' हवं होतं. पितळी पाटी कोरायला घेण्याच्या बेतात होते. काकूंनी विचारलं, ज्या देशाचं अन्न खातो तिथल्या राजाचा किताब, नुसतं फुसफुसणाऱ्या आणि जागचं न हलणाऱ्या वस्तूवर लावणं बरं दिसेल का? काकांनी पाटी बाजूला ठेवली. शेवटी 'सिंध' ठरलं. सियालकोटचे उस्ताद म्हणाले, नदी हमारे उधर से भी जाती है, और पैसा नहीं लूँगा.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी अंगणात वाफ धरायचं ठरलं. सगळ्या वहीला आमंत्रण होतं. कांदेपोहे, खजूर, हलवा, कहवा. रूळ वीस फूट, शेवटाला वाळूची गोणी. खास विलायती कोळसा इथे मिळत नाही, म्हणून काकांनी मिश्काकवाल्याकडचा कोळसा फोडून गव्हाएवढा केला, आणि पेटवणीला बाजारातल्या धूपदाणीच्या कोळशाच्या वड्या वापरल्या. त्या वड्यांच्या पुड्यात लुबानचे चार खडे राहून गेले होते. धुरांड्यावर पंखा लावून ओढ दिली आणि अख्ख्या गल्लीत लुबानचा वास पसरला. कोणाकडे तरी पाहुणे आले असावेत असं समजून दोन अनोळखी गृहस्थ स्वच्छ दिश्दाशा घालून फाटकातून आत आले. त्यांना कहवा देऊन पुढे बसवलं.

काटा वीसवर. चाळीसवर. जो तो आपापला भाग ओळखत होता. "तो नळ माझ्या ऑगस्टच्या फेरीतला." "चाकं आमच्या आईंची." मोतीबिंदूवाल्याने मुलाला उचलून दाखवलं, "आजोबांच्या ऑपरेशनचे आटे बघ." ऐंशीला सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्सकन उघडला आणि काकूंनी सवयीने म्हटलं, "अजून दोन होऊ द्या."

काका फळीवर बसले. लिव्हर पुढे टाकला, रेग्युलेटर उघडला. इंजिनाने नाकातून पाणी टाकलं, थरथरलं, आणि ठसठशीत आवाज करत निघालं. मागे. काका, फळी, पोह्याची बशी घेऊन मागे उभा असलेला आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार, सगळं एका दिशेला गेलं. टाळ्यांच्या गजरात कोणाला कळलंच नाही की हे चुकलंय. व्हॉल्व्ह गिअरमधला रिटर्न क्रँक उलट्या अंगाला बसला होता. दोन थाऊवर पिस्टन फेकणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं!

काकांचा चेहरा पडला. पाना आणायला ते उठलेसुद्धा. तेवढ्यात नाखुदा दिश्दाशा सावरून फळीवर जाऊन बसले आणि हाताने चला म्हणाले. त्यांनी वीस फूट मागे प्रवास केला, मग काकांनी लिव्हर मागे ओढल्यावर वीस फूट पुढे. उतरले आणि भर सभेत म्हणाले, साठ वर्षं मी जहाजं पाहतोय, शिडाचं जहाज उलटं नेणारा माणूस पाहिला नाही. अच्छा काम है.

तेव्हापासून तो क्रँक तसाच आहे. उस्तादांनी दोनदा विचारलं, दहा मिनिटांचं काम, फिरवून देऊ? काका नको म्हणतात. नव्या माणसाला फळीवर बसवायच्या आधी ते गंभीरपणे बजावतात, की पुढे जायचं तर लिव्हर मागे, हे इंजिन सूरच्या पद्धतीचं आहे. माथेरानच्या इंजिनाचे नकाशे आले आहेत. त्याला चाकं सहा, बिडाची, आणि प्रत्येक ओतीव टिचच्या चाकापेक्षा चांगलंच जड आहे. आम्ही या वर्षी सुट्टीला कधी जाणार, हे मंडळात कोणी कोणाला सांगत नाही.