स्टॅबिलायझर किती?

ॲरिझोनात, फिनिक्सच्या बाजूला चँडलर-गिल्बर्टकडे ज्यांचं जाणंयेणं आहे, त्यांना पूलवाले काका ठाऊक आहेतच. चिप कंपनीतून निवृत्त, पायांत फ्लोटर, काखेत टेस्ट किटचा निळा डबा. बारसं असो की सत्यनारायण, काका आधी परसदारी जातात, स्विमिंग पुलात कोपरापर्यंत हात घालून बाटली भरतात आणि यजमानाला विचारतात, “स्टॅबिलायझर किती?”

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक आम्ल. उन्हात क्लोरीन टिकायचं तर ते हवंच. 30 ते 50 पीपीएम असलं की झालं. पण क्लोरीनच्या गोळ्यांतूनही ते पाण्यात उतरतं आणि मुक्काम सोडत नाही. तिथल्या उन्हात वर्षाला पाचेक फूट पाणी उडून जातं. आम्ल आणि क्षार मागे राहतात. वरून भर घालायची ती नळाच्या जड पाण्याची. पाऊस वर्षाकाठी जेमतेम सात इंच. स्टॅबिलायझरचा आकडा शंभराच्या पुढे गेला की क्लोरीन असूनही पाणी हिरवं पडू शकतं. मग बहुधा पाणी उपसावंच लागतं.

एका बारशाला तर पाळणा म्हणायच्या वेळी बाळाचा बाप बेपत्ता. तो परसात, उन्हाकडे पाठ करून, कमरेच्या उंचीवर नळी धरून उभा. काका तिच्यात थेंब थेंब गढूळ पाणी सोडताहेत. तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. ठिपका गेला, काका ओरडले, “नव्वद!” बायकांना वाटलं, नाव ठरलं.

2023च्या जूनअखेरीपासून फिनिक्सचा दुपारचा पारा सलग 31 दिवस 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 सेल्सिअस किंवा त्याहून वर जात होता. त्यात एका नव्या जोडप्याने पूल रिकामा करायला भाड्याचा पंप आणला. काका भर दुपारी पोचले आणि पंपावरच बसले. “उन्हात कोरडं पडलं की प्लास्टर तडकतं. पाणी काढायचं ते नोव्हेंबर ते मार्च!” व्याख्यान दोन चहा चाललं. चिडावं तर माणूस बरोबर बोलत होता, आणि हीच त्यांच्याबाबतची मुख्य तक्रार आहे.

जगाला मुहूर्त काढून देणाऱ्या काकांचा स्वतःचा पूल मात्र वर्षानुवर्षं तसाच. 90 झाले, 110 झाले, 130 झाले. दर नोव्हेंबरात पंप बाहेर यायचा, पुसून परत जायचा. कधी मुलं येणार होती, कधी थंडी फार होती. ट्रकवरच्या आरओ यंत्रातून तेच पाणी गाळून परत देणारे लोक तिथे आहेत. काका त्यांचा भाव विचारून आले आणि आठवडाभर गप्प बसले. “आमच्या पुलात आता बुडायची सोय नाही,” काकू म्हणायच्या, “क्षारांवर माणूस तरंगेल.”

खरं कारणही काकूंनीच सांगितलं, भांडी पुसता पुसता. काकांचं घर लातूरचं. एप्रिल 2016च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली, तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. काकांनी विजेच्या बिलामागे हिशेब केला: आपला पूल 15 हजार गॅलनचा, म्हणजे 57 हजार लिटर. एक वाघीण भरून वर छोटा टँकर उरतो. ते बिल अजून त्यांच्या कपाटात आहे.

गेल्या जानेवारीत आकडा 150ला पोचला आणि काकांनी पंप लावला. तिथे हे पाणी रस्त्यावर सोडता येत नाही. घराच्या सांडपाण्याच्या नळाचं क्लीनआउट उघडून त्यात सावकाश सोडावं लागतं, नाहीतर ते घरात उलटतं. क्षार सोसणाऱ्या कण्हेरीला काका रात्रीपर्यंत बादलीने पाणी घालत होते. शेवटी शेजाऱ्यांनी बादली काढून घेतली.

सध्या त्यांचा आकडा 30 आहे, म्हणजे घरी त्यांना काही काम नाही. तिकडे कुणाकडे उतरणार असाल तर यजमानांना आधीच कळवा: आकडा शंभराच्या आत ठेवा, नाहीतर जेवण गार होईल.