टायरपारखी

अमेरिकेत तीसेक वर्षं काढलेल्या मराठी माणसाला आधी कॅमेऱ्याचं वेड लागतं, मग घरापुढच्या हिरवळीचं, आणि मुलं कॉलेजात जाऊन घर रिकामं झालं की ट्रेलरचं. हे शेवटचं सगळ्यांना लागत नाही. ज्यांना लागतं त्यांच्यातला एक खास नमुना आमच्याकडे, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनोच्या बाजूला, हमखास भेटतो. एडिसनला आणि नेपरव्हिललाही असल्याचं कानावर आहे. मंडळात सगळे त्याला ट्रेलरकाका म्हणतात. खरं नाव वर्गणीच्या पावतीवर असेल.

ट्रेलर म्हणजे ट्रकच्या मागे जोडून ओढायचं बिऱ्हाड. सव्वीस फूट लांब, आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि खाली दोन ॲक्सलवर चार चाकं. सामान्य माणूस यातला पलंग बघतो. काकू न्हाणीघर बघतात. काका खाली वाकतात.

वस्तू विकत घेणं हा काकांच्या लेखी कारकुनी भाग. खरा सोहळा निवडीचा. हे घराण्यातूनच आलेलं आहे. त्यांचे वडील म्हणे मंडईत पेटीतला एकूण एक आंबा देठाशी हुंगायचे आणि हुंगून होईपर्यंत भाव उतरलेला असायचा. मुलाने मिक्सर घेतला तेव्हा मोटारीचे वॅट विचारले, गादी घेतली तेव्हा स्प्रिंगा मोजल्या. पण त्यांच्या प्रतिभेला साजेसा विषय मिळायला टायर बदलायची वेळ यावी लागली.

त्याला कारण एक शेजारी. अमेरिकन कॅम्पग्राउंडवर शेजारी येऊन राहिलेला म्हातारा तुमचं नाव विचारायच्या आधी तुमची चाकं बघतो. अमॅरिलोजवळच्या पॅलो ड्यूरो दरीत अशाच एका निवृत्त ट्रकवाल्याने काकांच्या चाकाला बुटाचं टोक लावलं, मान हलवली आणि ‘चायना बॉम्ब’ एवढंच म्हणून तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला. ट्रेलरवाल्यांच्या बोलीत स्वस्तातल्या चिनी टायरांना हे नाव आहे. ते सरसकट न्याय्य नाही. हवा कमी आणि ओझं जास्त असेल तर कुठल्याही देशाचा टायर फुटतो. पण काका त्या रात्री झोपले नाहीत. ट्रेलर जागचा हलत नव्हता, तरी दर तासाला बॅटरी घेऊन खाली उतरून बघत होते.

पुढच्या शनिवारपासून अभ्यास सुरू झाला. दृश्य असं : ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा. काकूंची योगासनांची चटई ट्रेलरखाली अंथरलेली आणि चटईच्या बाहेर काकांचे फक्त पाय. आतून आवाज येतो, ‘लिहून घे. तेवीस एकोणीस.’ काकू लिहून घेतात. टायरच्या बाजूला डॉट अशी अक्षरं असतात, त्यांच्यापुढे एक लांबलचक सांकेतिक क्रमांक, आणि त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मवेळ. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

‘म्हणजे जून,’ काका बाहेर येत म्हणतात. केसांना गवत, कपाळाला ग्रीस. ‘आपण ट्रेलर घेतला त्याच्या आधी वर्षभर हे पडून होते. आपल्याला नवीन म्हणून वर्षाचे टायर दिले!’

‘नक्षी तर अजून तशीच आहे की,’ काकू म्हणतात.

इथे काका दुखावतात. आपल्याकडे टायर गोटा झाला की बदलायचा, त्याआधी त्याला वय विचारायचं नाही. ट्रेलरच्या टायरचं उलटं असतं. तो झिजून मरत नाही, वयाने मरतो. वर्षाचे दहा महिने तो एका जागी उभा असतो, टेक्ससच्या शंभर डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात. रबर आतून कडक होत जातं, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि वरून नक्षी मात्र कोरी करकरीत. पाच-सहा वर्षं झाली की नक्षीकडे न बघता तो काढायचा, असं जाणते सांगतात. काकांचं स्टेपनीचं चाक तर एकदाही रस्त्याला न लागता म्हातारं झालं होतं. त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून कातर होतो.

शिवाय ट्रेलरच्या चाकाचे हाल वेगळे. मोटारीचं पुढचं चाक वळतं. ट्रेलरची चारही चाकं सरळ जखडलेली, त्यामुळे गाडी तीव्र वळली की ती वळत नाहीत, फरफटतात. हे काकांनी एका घरी दिवाळीच्या फराळाला प्रात्यक्षिकासह समजावून सांगितलं. ताटात चार चकल्या मांडल्या, पुढे दोन, मागे दोन. वर स्टीलची ताटली ठेवली. तळवा दाबून ताटली झटकन फिरवली. ‘पुढची जोडी इकडे घसटली, मागची तिकडे. बघा काय झालं.’ काय झालं ते सगळ्यांना दिसत होतं. यजमानीणबाई म्हणाल्या, ‘काका, भाजणी सासूबाईंनी सातारहून पाठवली होती.’ काकांनी चुरा नम्रपणे खाऊन टाकला, पण मुद्दा सोडला नाही.

आता हिशेब. तो काका कुणालाही, कुठेही, पेपर नॅपकिनवर करून दाखवतात. कारखान्याने दिलेले टायर एसटी २०५/७५आर१४, लोड रेंज सी. एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला. पन्नास पीएसआय हवा भरली की असा एक टायर १,७६० पौंड तोलतो, साधारण आठशे किलो. चारांचे मिळून ७,०४०. आणि दोन ॲक्सलची क्षमता साडेतीन-साडेतीन हजार, म्हणजे ७,०००.

‘शिल्लक किती? चाळीस पौंड! सोना मसुरीच्या दोन पिशव्या!’

ट्रेलरचा दहा-पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावरून ट्रकवर जातो आणि चाकांना तेवढी सवलत मिळते, हे काकांना ठाऊक आहे. ती ते हिशेबात धरत नाहीत. ‘ती देवाच्या नावाने बाजूला.’

मग ट्रेलर भरून ट्रकस्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेला. पावती हातात आली आणि घरात चौकशी आयोग बसला. चाळीस गॅलन पाण्याची टाकी : एका गॅलनला आठ पौंडांहून थोडं जास्त, म्हणजे टाकी भरून नेली की सव्वातीनशेच्या वर. ती रिकामी न्यायची ठरली. दगडी खलबत्ता बाद. दुसरा कुकर बाद. डाळींचे डबे अर्धे भरायचे. काकूंनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि शेवटी मागचं दार उघडून दाखवलं. आत काकांचा जॅक, कॉम्प्रेसर, टॉर्क पाना, लाकडी ठोकळे आणि लोखंडी हत्यारांची पेटी होती. आयोगाचं कामकाज तिथेच तहकूब झालं. खलबत्ता अजून प्रवास करतो.

निवड सुरू झाली गणपतीत. तेव्हा काका एलटी पंथात होते. एलटी म्हणजे हलक्या ट्रकचे टायर. ट्रेलरवाल्यांत एक पंथ हेच लावतो, कारण ट्रकचे टायर जास्त तावून-सुलाखून निघालेले असतात अशी त्याची श्रद्धा आहे. दुसरा पंथ म्हणतो, ट्रेलरला ट्रेलरचेच, त्यांची बाजू कडक असते आणि त्याच मापात ते जास्त ओझं झेलतात. काकांनी थंडीभर एलटीची बाजू लढवली. मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर ताटकळणाऱ्या नवऱ्यांपुढे तर दीड तास. नंतर कळलं की त्यांच्या चौदा इंची रिमला तेवढं वजन पेलणारे एलटी बाजारात जवळजवळ नाहीतच. याने दुसरा कुणीही खचला असता. काकांनी दुसऱ्या दिवशीपासून एसटीची बाजू तितक्याच पोटतिडकीने मांडायला घेतली.

एसटीतही लोड रेंज सी सोडून डी घ्यायचं ठरलं. तिथे पासष्ट पीएसआयला एक टायर २,०४० पौंड तोलतो, चारांचे ८,१६०. शिल्लक चाळीसवरून एकदम अकराशे साठ! पण हवा वाढली म्हणजे रिमला ती सोसली पाहिजे, म्हणून पुन्हा चटई, पुन्हा पाय, रिमच्या पाठीवर ठोकलेला आकडा वाचणं. मग व्हॉल्व्ह : रबरी की धातूचे? धातूचे. त्याला एक रविवार गेला. गुडइयर एन्ड्युरन्स, मॅक्सिस, कार्लाइल अशा रकान्यांचा तक्ता फ्रिजवर लागला, आणि त्याला जागा व्हावी म्हणून नातवंडांची चित्रं खाली उतरली.

वेगाचा रकाना सर्वांत गमतीचा. जुन्या ट्रेलर टायरांना ताशी पासष्ट मैलांची मर्यादा धरत. हल्ली टायरवर अक्षर असतं : एल असेल तर ७५, एम ८१, एन ८७. काकांनी एनचा हट्ट धरला, एका टायरमागे वरचे पंधरा-वीस डॉलर मोजायची तयारी दाखवली (यावरून हट्ट किती खरा होता ते कळावं) आणि आज तोच टायर ते बासष्टच्या वेगाने चालवतात. आमच्याकडच्या २८७ क्रमांकाच्या महामार्गावर मालाचे ट्रक त्यांना भोंगे वाजवत मागे टाकतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘ऐपत असणं वेगळं आणि खर्च करणं वेगळं.’

गुढीपाडव्याच्या सुमारास टायर दुकानात आले. काउंटरवरचा मुलगा विशीतला. काकांनी आधी फोनवर जन्मतारखा मागितल्या होत्या. त्या मुलाच्या नोकरीत असं गिऱ्हाईक पहिलंच असावं. आता रिमवर चढवण्याआधी पाचही टायर जमिनीवर आडवे ठेवायला लावून काका चष्मा कपाळावर सरकवून ओणवे झाले. चार एकाच आठवड्यातले, पाचवा तीन आठवड्यांनी मोठा. दुकानात शांतता. काकूंनी घड्याळ पाहिलं. ‘अहो, तो स्टेपनीला लावा ना.’ काकांनी त्यांच्याकडे ज्या आदराने पाहिलं तसं लग्नातही पाहिलं नसेल.

तेव्हापासून प्रवासाला विधी आहेत. हवा भरायची ती पहाटे, चाकं गार असताना, ऊन यायच्या आत; उन्हाच्या बाजूचे टायर जास्त आकडा दाखवतात आणि चालून तापलेल्या टायरची हवा कधी सोडायची नसते. चाक चढवल्यावर पन्नासेक मैलांनी नट पुन्हा आवळायचे असतात, हा नियम काका प्रत्येक प्रवासाला लावतात, चाक काढलेलं असो वा नसो. त्यामुळे पश्चिमेला कुठेही जायचं असलं तरी डिकेटरला थांबा ठरलेला. ट्रकमधल्या छोट्या पडद्यावर चारही टायरांची हवा दिसते. ती वाचायचं काम काकूंकडे. बाहेर सूर्य मावळत असतो, माळरान लाल झालेलं असतं, आणि काकू म्हणतात, ‘मागचा डावा एकाहत्तर.’

या माणसाची चेष्टा करणं सोपं आहे आणि मंडळात ती यथेच्छ होते. पण गेल्या जुलैत आमच्यातल्याच एका कुटुंबाच्या ट्रेलरचा टायर हायवेवर फुटला. ट्रेलरचा टायर मोटारीसारखा फुस्स करून बसत नाही. वरचा पट्टा सोलून निघतो आणि चाबकासारखा फिरत चाकाच्या वरचं आवरण फाडतो. यांची ओट्याखालची जमीन उखडली आणि पाण्याची नळी तुटली. सुदैवाने माणसं धड होती. भर उन्हात, मालाच्या ट्रकांच्या वाऱ्याने हलणाऱ्या ट्रेलरशेजारी उभं राहून त्यांनी विमा कंपनीच्याही आधी फोन लावला तो काकांना. मी सांगितलं होतं, असं काका म्हणाले नाहीत. त्यांनी आधी विचारलं, पोरं सावलीत आहेत ना. मग म्हणाले, ‘आता उरलेल्या तिघांचे शेवटचे चार आकडे वाच.’ संध्याकाळी ते स्वतः कॉम्प्रेसर आणि पाना घेऊन दीडशे मैल गेले.

तेव्हा ट्रेलर घ्यायचा विचार असेल, किंवा जुना दारात उभा असेल, तर काकांना जरूर विचारा. शनिवारी सकाळी जा, नाश्ता करून जा, आणि दुपारचं कुणाला काही कबूल करून ठेवू नका. जायच्या आधी टायरवरची धूळ पुसून ते चार आकडे लिहून घ्या, कारण चहाच्याही आधी तेच विचारले जातील. बाहेरच्या बाजूला सापडले नाहीत, तर टायर बिनतारखेचा आहे असं समजू नका. पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो आणि बऱ्याचदा ती आतली निघते. चटई घ्या आणि खाली शिरा.