शुक्रवारी त्यांच्याकडे काय चालतं, ऐकलंत का?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सध्या नवंच थेर सुरू झालंय. शुक्रवारी संध्याकाळी माणसं घरी बसतात. म्हणजे चक्क ठरवून बसतात! कुठे जायचं नाही, गॅस पेटवायचा नाही, सोफ्यावर पाय पसरून मागवलेलं खायचं आणि रात्री दोनपर्यंत सिनेमे बघायचे. म्हणे निवांत शुक्रवार. शिव शिव!

निवांत म्हणावं, तर तयारी लग्नघराची. बुधवारपासूनच घरातल्या घरात व्हॉट्सॲप ग्रुप. बाप हॉलमधून विचारणार, ‘मोमो की तंदुरी?’ आणि लेक आतल्या खोलीतून अंगठा पाठवणार. कशाला, ते कुणालाच कळत नाही. चौथ्या मजल्यावरच्यांनी तर प्रोजेक्टर आणलाय. भिंतीवर चादर ताणायला जागा हवी म्हणून आजेसासऱ्यांची तसबीर उतरवून पलंगाखाली सरकवली. नवा चंदनी हार घातला होता हो!

शुक्रवार म्हणजे आपल्याकडे काय? श्रावणात जिवतीची पूजा, सवाष्णीला हळदीकुंकू, दूध-फुटाणे. आता फुटाण्यांच्या जागी पॉपकॉर्न आलेत, आणि तेही कॅरॅमलचे. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद बसली, तेव्हा खुलासा झाला: सुट्या खाऱ्या पॉपकॉर्नवर 5 टक्के, पाकीटबंद लेबलवाल्यांवर 12 आणि कॅरॅमलवाल्यांवर 18. साखर लागली की लाहीची मिठाई होते म्हणे. राज्याराज्यांच्या मंत्र्यांना मक्याच्या लाह्या निवडत बसावं लागलं, म्हणजे हे खूळ कुठवर पोचलंय बघा.

पण खरी मजा दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या सासूबाईंचा संतोषी मातेचा शुक्रवार. 1975 मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला, तेव्हा बायका थिएटरबाहेर चपला काढून आत जायच्या, पडद्यावर नाणी उधळायच्या. त्या पिढीचं हे व्रत. आंबट खायचं नाही आणि दुसऱ्याला द्यायचंही नाही. अशा घरात भरसंध्याकाळी पिझ्झा आला. सासूबाईंनी खोका उंबऱ्यावरच अडवला. “यात टोमॅटो आहे का?” नातू म्हणाला, “आजी, चीजखाली दिसतसुद्धा नाही.” संपलंच! पिझ्झा घरात येईना, आणि व्रत मोडेल म्हणून वॉचमनलाही देता येईना. खोका चपलांच्या कपाटावर. रात्री बारा वाजता नातवाने जाहीर केलं, शनिवार लागला. त्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “वार सूर्योदयाला बदलतो.” सून काय करणार? तिने मुगाची खिचडी टाकली. गॅस पेटला तो पेटलाच.

आणि सिनेमा? त्याची तर वेगळीच तऱ्हा. पूर्वी दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी एक हिंदी सिनेमा लागायचा. कुठला, ते दिल्लीवाले ठरवणार. ऐन रंगात बातम्या घुसायच्या, तरी शेजारपाजारचे जमिनीवर मांडी घालून गप्प बसायचे. नंतर व्हीसीआर आला. वर्गणी काढून टीव्हीसकट भाड्याने आणायचा आणि पैसे वसूल करायला पहाटेपर्यंत तीन-तीन कॅसेटी संपवायच्या. डोळे सुजले तरी चालतील, पण मशीन परत जाण्याआधी तिसरी बघून झाली पाहिजे. आता पाच-पाच ॲपचे पैसे भरलेत आणि बघायला काही नाही! लेकीला कोरियन हवं, बापाला अमिताभ, आईला ‘काहीही लावा, पण रक्त नको’. ट्रेलर बघता बघता मोमो गार होतात, चटणी सुकते, बापाचा डोळा लागतो. मग कुणीतरी वैतागून लावतं ‘अशी ही बनवाबनवी’. 1988 चा सिनेमा! तोही ‘बीवी और मकान’ या 1966 च्या हिंदी सिनेमावर बेतलेला. पडद्यावरच्या अशोक सराफांच्या आधी यांचे संवाद म्हणून होतात, तरी वेड्यासारखे हसतात. मिटलेल्या डोळ्यांनी बापसुद्धा हसतो. एवढ्यासाठी प्रोजेक्टर?

येत्या शुक्रवारी म्हणे चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचा एकत्र बेत आहे. पिझ्झा रद्द, पुरणपोळी मागवणार. पोळ्यांची ऑर्डर सासूबाईंनी स्वतः फोन करून दिली, तूप वेगळं सांगितलं आणि वर विचारलं, “चादर सुरकुतलेली नाही ना?” हे माझ्याकडून कळलं असं मात्र कुठे बोलू नका. आम्हालाही आठ वाजता बोलावलंय.